सादळलेली दुनळी

पापड मऊ लागला की नाथाजीच्या पोटात गोळा यायचा.

हसू नका. सांगलीत, कृष्णेच्या काठाला, हरिपूर रस्त्याच्या अंगाला एका जुन्या चाळीत वरच्या खोलीत हा माणूस बायकोबरोबर राहायचा. संध्याकाळी कामावरून आला, हातपाय धुऊन पानावर बसला की ताटातला पापड आधी मोडून बघायचा. काडकन मोडला तर गडी पोटभर जेवायचा. नुसता वाकला तर घास घशाखाली उतरायचा नाही. मंगल, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "आवं, पापड हाय त्यो, साप न्हाई. खावा गुमान." तिला काय ठाऊक! जी हवा पापडाला वाकवते तीच हवा लोखंडी कपाटात शिरून काय करत असेल, या विचारानं ह्याची पाचावर धारण बसलेली. आणि मंगलला सांगायची सोय नव्हती. तिला सांगितलं असतं तर ते गावाकडं पोचलं असतं, आणि गावाकडं म्हातारा बसला होता.

म्हातारा म्हणजे गुंडाआबा, नाथाजीचा बाप. खटाव भागात, वडूजच्या पलीकडं, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो, अशा कोरड्या गावात त्याचं घर. मराठा पलटणीत हवालदार होऊन पेन्शनीवर आला तेव्हा त्यानं परवाना काढून एक बंदूक घेतली. दोन नळ्यांची, बारा बोरची. सगळं गाव तिला दुनळी म्हणायचं, आणि गावात दुसरी बंदूक नसल्यामुळं दुनळी म्हटलं की कुणाची ते विचारायला लागायचं नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनाला गाव शिवेवर जमलं की आपट्याच्या पानाला हात लावायच्या आधी दुनळीचा बार व्हायचा. कायदा असल्या बाराला काय म्हणतो ते गावाला चांगलं ठाऊक होतं, पण गाव त्या दिवशी कायद्याकडं पाठ करून उभं राहायचं. बार दणक्यात झाला तर वर्ष बरं जाणार. बार फुसका गेला तर काय होतं ते कुणी बघितलं नव्हतं, कारण आबांचा बार कधी फुसका गेलाच नव्हता. रीत अशी होती की बंदूक भरायची ती धन्यानं, आणि उडवायची ती ज्याला त्या वर्षीचा मान दिलाय त्यानं.

ही बंदूक वर्षभर असायची कुठं? तर माजघरातल्या खुंटीला. नाथाजीच्या आईनं, साळूबाईनं, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात तशी जाड खोळ शिवली होती. दसऱ्याचा बार झाला की आबा नळीतनं चिंधी ओढायचे, तेलाचा हात फिरवायचे, बंदूक खोळीत घालून टांगायचे, ती थेट पुढच्या दसऱ्याला काढायची. चाळीस वर्षं हे असंच चाललं आणि बंदुकीवर गंजाचा ठिपका नाही. खटावची हवाच तशी. तिथं शत्रू एकच, धूळ. धुळीला खोळ पुरायची.

आणि एक धाक होता. नाथाजी लहान असताना एकदा खुंटीखाली पाट ठेवून वर चढला होता. आबांनी त्याला बखोटीला धरून खाली उतरवलं आणि डोळे वटारून सांगितलं, "बंदूक उगं उघडायची न्हाई. उघडली की ती बार मागती. न्हाई दिला तर घरातलं मानूस मागती." पोराला त्या दिवशी ताप भरला. पुढं मिशा आल्या, लग्न झालं, पोरगा झाला, पण बंदूक मधून मोडून उघडायची म्हटलं की नाथाजीच्या हाताला अजून मुंग्या यायच्या.

नाथाजी काही पलटणीत गेला नाही. भरतीला गेला होता, धावण्यात पहिल्या रांगेत आला होता, पण सरळ उभं केल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून परत पाठवला. घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "बरं." एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ते "बरं" नाथाजीच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. पुढं आबा थकले, परवाना मुलाच्या नावावर झाला, आणि सांगलीतल्या एका पतसंस्थेला बंदूकवाला रखवालदार पाहिजे म्हणून नाथाजी दुनळी घेऊन सांगलीला आला. वर्दी मिळाली, टोपी मिळाली. म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दुनळीला जप." मला जप की दुनळीला जप, यातला फरक नाथाजीच्या बरोबर ध्यानात आला. पण पाठीवर हात पडला हेच मोठं होतं.

सांगलीत त्यानं जपली ती बापाच्या रीतीनं. रोज सकाळी वरून पुसायची, लाकडाला आणि नळीला तेलाचं बोट फिरवायचं, दिवसभर पतसंस्थेच्या दारात खांद्याला लावून उभं राहायचं, संध्याकाळी खोळीत घालून कपाटात. काडतुसं कमरेच्या पट्ट्यात. बंदूक मधून मोडून आत बघायचं? नाव नको. उघडली की बार मागते. दसऱ्याला गावी नेली की तेव्हाच काय ते उघडायची.

मग महापूर आला. नाथाजी आणि मंगल विट्याला पाहुण्यांकडं गेले. पाणी चाळीच्या जिन्यापर्यंत येऊन थांबलं, वरच्या खोलीत थेंब आला नाही. परत आल्यावर नाथाजीनं कपाट उघडलं, खोळीवरून हात फिरवला, खोळ कोरडी. त्यानं तिथल्या तिथं कुलदैवताला नारळ बोलला. पण पूर ओसरला तरी ओल कुठं ओसरते! भिंती महिनोन्महिने घाम गाळत होत्या. मिठाला पाणी सुटायचं, काडी ओढली की गुल गळून पडायचं, चादरींना कुबट वास. आणि त्याच वर्षी, दसऱ्याच्या तोंडाला साळूबाई गेली. घरात सुतक, बार कुणी काढायचा? त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक लागली, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा. त्याही दसऱ्याला बार नाही. दुनळी उघडायचं काही कारणच पडलं नाही.

तिसऱ्या वर्षी पृथ्वीराजचा फोन आला. पृथ्वीराज हा नाथाजीचा एकुलता एक पोरगा. आजाच्या पलटणीत लागलेला, सरळ गुडघ्यांचा, उंचापुरा. फोनवर ओरडतच होता, "तात्या, दसऱ्याला रजा मंजूर झाली! आबा म्हणालेत, औंदा बार मी काढायचा!"

नाथाजीला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पोराच्या हातात जायची म्हणजे बंदूक कशी लोण्यासारखी चालली पाहिजे. पुसताना वरची, बंदूक मोडायची कळ जरा जड लागत होती, म्हणून श्रावणातल्या एका रविवारी तो दुनळी घेऊन मिरजेला बाबालाल मिस्त्रीकडं गेला. बाबालाल बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा माणूस. सरकारी परवाना, टेबलाला अडकवलेला शिकंजा, भिंतीवर एक गोल काट्याचं घड्याळ, पण त्यात वेळ नव्हती. हवेत पाणी किती ते तो काटा दाखवायचा. बाबालालनं दोन दणके देऊन कळ सैल केली, बंदूक मोडली, नळ्या काढून उजेडाला धरल्या आणि आत बघितलं. नाथाजीनं सवयीनं तोंड फिरवलं होतं. बराच वेळ आवाज नाही म्हणून त्यानं वळून बघितलं, तर बाबालालचा डोळा अजून नळीलाच.

"कवा उघडली हुती?" मिस्त्रीनं विचारलं.

"दसऱ्याला. म्हंजे... आईच्या आदल्या वर्षीच्या."

"या, बगा."

नाथाजीनं भीत भीत डोळा लावला. नळी आतून आरशासारखी चकचकीत असते म्हणतात. इथं गव्हावर तांबेरा पडतो तसा लालभडक थर होता. मिस्त्रीनं तारेच्या ब्रशानं थोडा खरवडला, तेव्हा खाली खड्डे दिसले. जिथं काडतूस बसतं तिथंच जास्त, खोल.

"हिच्यात काडतूस घालायचं न्हाई," बाबालाल म्हणाला. "ही नळी आता नळी न्हाई राहिली. बार काढला तर हातात फुटंल. उडवणाऱ्याचा हात जाईल, न्हाईतर डोळं."

"पन पानी न्हाई लागलं वो हिला! पुरात थेंब न्हाई लागला!"

"पानी कशाला पायजे? ही खोळ आहे ना तुमची, ही कापसाची. कापूस हवेतलं पानी पितो आन लोखंडाला पाजतो. वरनं तुम्ही रोज पुसता, म्हणून वर काय झालं न्हाई. आत कोण पुसनार? बंदूक सादळली, नाथाजीराव. खोळीत घालून कोंडायची नसते हितं. उघडी ठेवायची, कपाट कोरडं ठेवायचं, हा काटा पन्नाशीच्या वर जाऊ द्यायचा न्हाई, आन आठवड्याला आत बघायचं."

घरी येताना बसमध्ये दुनळी मांडीवर आडवी, आणि नाथाजीला एकच दिसत होतं. शिव, गाव, ढोल, आणि पृथ्वीराजच्या चेहऱ्याजवळ ती नळी.

सांगून टाकायचं की मग! असं आपण म्हणतो, आपलं काय जातं. म्हाताऱ्याचं चाळीस वर्षांचं राखलेलं लेणं ह्यानं तीन पावसाळ्यांत मातीत घातलं, आणि तेही रोज पुसून. भरतीतून परत आला त्या दिवशी ऐकलेलं "बरं" परत एकदा ऐकायचं, हे त्याला सोसणारं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं मूठ झाकली.

आणि मग सुरू झाली त्याची दमटपणाशी लढाई. मेलेल्याला औषध म्हणतात ते हेच. कपाटात रात्रंदिवस एक छोटा बल्ब लावून ठेवला. मंगल म्हणाली, "अंडी उबवाय ठेवल्यात का काय?" चपलांच्या दुकानात आणि औषधाच्या दुकानात जाऊन, डब्यांतनं निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या मागून आणल्या, ज्यांच्यावर खाऊ नका म्हणून छापलेलं असतं. मिस्त्रीनं सांगितलं होतं की त्यातले खडे ओल पितात आणि भाजले की परत कोरडे होतात. ह्यानं ते मंगलच्या तव्यावर भाजायला घेतले. मंगलनं उलथनं उगारलं, "त्यो भाकरीचा तवा हाय!" बाबालालकडनं आणलेला लहान काटा कपाटात टांगला. काटा साठीला गेला की ह्याचा चेहरा पांढरा. आता तो रोज बंदूक मोडून आत बघायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, उघडली, आता ही माणूस मागणार. मागणार कुणाला, तेही त्याला ठाऊक होतं.

पतसंस्थेच्या दारातलं भय आणखी निराळं. हातातली बंदूक म्हणजे आता नुसतं लाकूड, हे त्याला एकट्याला माहीत. हेल्मेट न काढता कुणी मोटारसायकलवरून उतरला की ह्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. उसाची बिलं जमा झाली की गर्दी उसळायची, आणि खिडकीमागं बसणारी अंकिता, चहाचा कप हातात देताना म्हणायची, "नाथाजीकाका दारात आहेत म्हणून मी निवांत काम करते बघा." त्या पोरीला तोंड दाखवायची लाज वाटायची. रोज सकाळी ठरवायचा, आज साहेबांना सांगायचं. साहेब समोर आले की सलाम ठोकायचा आणि दार उघडून धरायचा.

गणपती गेले, पितर गेले, घट बसले.

गावाला जायच्या आधी त्यानं फोनवर आबांना चाचपून बघितलं. "आबा, आता बाराला लय कडक कायदा झालाय म्हनं. पोराची नोकरी हाय, उगं कशाला?"

"कायदा काल झाला व्हय रं?" म्हातारा पलीकडून खेकसला.

"काडतुसंबी मिळंनात."

"माझी हायती. ज्वारीच्या कणगीत डब्यात ठेवल्याती. तू बंदूक आन."

संपलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी नाथाजीची गत. शेवटी भित्र्या माणसाला सुचते तशी एक युक्ती त्याला सुचली. बंदूक भरायची कुणी? धन्यानं. धनी कोण? आपण. मग आपण वापरलेलं काडतूस घालायचं, रिकामी पुंगळी. पोरगा चाप ओढेल, खटकन आवाज येईल, बार होणार नाही. लोक हळहळतील, आबा काडतुसाला शिव्या घालतील, जुनं होतं म्हणतील, आणि पोरगा धडधाकट घरी येईल. अपशकुन होईल? होऊ दे. पोराच्या डोळ्यापेक्षा शकुन मोठा आहे का? त्यानं जुन्या डब्यातनं एक पुंगळी शोधून खिशात घातली, आणि कितीतरी दिवसांनी त्याला पोटभर झोप लागली.

दसऱ्याच्या दुपारी सगळं गाव शिवेवर लोटलं. ढोल, लेझीम, फेट्यांचे रंग, माळावर वारा. आबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. डोळ्यांनी अंधुक दिसायचं, पण मिशीला पीळ भरलेला. पृथ्वीराज वर्दी घालून आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मंगलनं लेकाची दृष्ट काढली, दुनळीला हळदीकुंकू लावलं आणि लांब बायकांत जाऊन उभी राहिली.

"भर," आबा म्हणाले.

नाथाजीनं गावाकडं पाठ केली. पुंगळी दोनदा नळीवर आपटली. घातली, बंदूक मिटली, पोराच्या हातात दिली. पृथ्वीराज हळूच म्हणाला, "तात्या, तुमाला बरं न्हाई का? घाम किती आलाय."

ढोल थांबला. पोरानं बंदूक खांद्याला लावली, नळी आभाळाकडं केली, चाप ओढला.

खट्.

बायकांत कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं. नाथाजीनं सुटकेचा श्वास सोडला आणि बंदूक घ्यायला हात पुढं केला. पण पोरगा पलटणीतला! त्यानं एका झटक्यात बंदूक मोडली, पुंगळी बाहेर काढली, तळहातावर घेऊन बघितली आणि मोठ्यानं हसला. "आवं तात्या, ही वापरलेली हाय! वय झालं तुमचं आता!" गाव खो खो हसलं. आबांच्या मांडीवर काडतुसांचा डबा उघडाच होता. नाथाजीला काही सुचायच्या आत पोरानं त्यातलं एक उचललं, लोकांकडं बघून हसत हसतच नळीत सारलं, बंदूक मिटली, आणि गाल दस्त्याला लावला.

आपल्याच युक्तीनं आपण पोराच्या हातात मरण दिलं, हे नाथाजीला कळलं तेव्हा तो धावत सुटला होता. गुडघ्याला गुडघा लागतो की नाही ते बघायला कुणाला वेळ नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी पोराचं मनगट धरलं आणि खाली दाबलं. दोघंही गुडघ्यावर आले. "ओढू नगंस!" तो किंचाळला. "ओढू नगंस, पोरा! फुटंल ती! सडलीया आतनं!"

पृथ्वीराजनं चापावरचं बोट अलगद काढलं, बंदूक मोडली, काडतूस काढून घेतलं आणि नळी आभाळाला धरून आत बघितलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं आईकडं एकदा बघितलं आणि तो खाली मातीतच बसला.

गर्दीतनं कुणीतरी बोललंच, "आरं तिच्या मायला! बँकेचा गनमॅन, आन बंदूक गंजकी!" दोघंतिघं हसले. मंगल तिकडून कडाडली, "दात काय काढताय? माझं लेकरू वाचलं ते दिसंना व्हय?" तेव्हा गप्प झाले.

"हिकडं आन," आबा म्हणाले.

नाथाजीनं दुनळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर उभा राहिला. म्हाताऱ्यानं करंगळी नळीच्या मागच्या तोंडात घातली, आत फिरवली, बाहेर काढली. बोटाला तांबडं लागलं होतं. त्यानं ते धोतराला पुसलं.

"कशानं झालं?"

"हवेनं. सांगलीच्या. खोळीत सादळली. मी रोज पुसत हुतो, आबा. वरनं. आत न्हाई बगितलं."

"का न्हाई बगितलं?"

"तुमीच म्हनला हुता. उघडली की बार मागती. न्हाईतर मानूस मागती."

अंधुक डोळ्यांनी म्हातारा लेकाचं तोंड शोधत होता. मग हळूच म्हणाला, "आरं येड्या. त्ये तू पाटावर चढला हुतास म्हून. काडतूस घालून बसशील, सोताला मारून घेशील म्हून भ्या घातलं हुतं. बारकं हुतास तू. असलं कुटं काय आसतंय व्हय?"

नाथाजीला हसावं की रडावं ते कळेना. आता "बरं" येणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण म्हातारा बोटं मोजल्यासारखी हलवत होता, काहीतरी जुळवत होता.

"कवा कळलं हे तुला?"

"श्रावणात."

"आन त्याच्या आधीबी ती आशीच हुती. पुरापासनं." आबांचा आवाज एकदम चिरकला. "म्हंजे तू त्या दारात ही घिऊन हुबा हुतास? रोज? कोन पिस्तूल घिऊन आला आसता, तर काय करनार हुतास रं तू?"

"आलं न्हाई कुनी, आबा."

"आला आसता तर!" म्हातारा ओरडला. दुनळी मांडीवरून घसरून मातीत पडली, त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्चीतनं उठायला गेला, पाय लटपटले, म्हणून पुढं वाकून त्यानं नाथाजीचा हात पकडला. ज्या हवालदाराच्या डोळ्यांत गावानं बायको गेली तेव्हाही पाणी बघितलं नव्हतं, तो सगळ्या गावासमोर थरथरत होता. "ती लोखंडाची हुती रं. दुसरी आली आसती. तुला काय झालं आसतं म्हंजे मी काय केलं आसतं? मला काय ठावं, तू मोकळ्या हातानं हुबा ऱ्हातूयास! मी आपला लोकास्नी सांगत बसायचो, माझा पोरगा बंदूक घिऊन हुबा आसतू म्हून."

नाथाजीनं पन्नाशी गाठली होती. एवढ्या वर्षांत बापाला आपल्यासाठी भीती वाटू शकते, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो खुर्चीशेजारी खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

त्या वर्षी बार झालाच नाही. ढोलवाल्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग आपलं वाजवायला सुरुवात केली. लोक आपट्याची पानं वाटायला लागले. कुणी आबांच्या हातात पानं ठेवली, तरी म्हाताऱ्यानं लेकाचं मनगट सोडलं नाही.

"परवा सांगलीला जाऊ नगंस," तो परत परत म्हणत होता.

"जायला लागंल, आबा," नाथाजी म्हणाला. "तिथंबी सांगायचं हाय. ती पोरगी माझ्या भरवशावर बसतीया."

"मग पृथ्वीला संगं ने."

"बरं," नाथाजी म्हणाला.